वानवळा आणि वजनकाटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात. ज्या शेजाऱ्यांशी आजवर पैशांशिवाय देवाणघेवाण चालत आली, त्यांच्याशी घरात जोडधंदा सुरू झाल्यावर कसे वागावे, हा तो प्रश्न आहे. तिघाही वाचकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्याने केवळ तालुके दिले आहेत. पहिले पत्र सविस्तर आहे आणि त्याचे उत्तरही तसेच द्यावे लागले.

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. दीड एकर भातशेती, एक म्हैस आणि घराभोवतीची थोडी बाग एवढ्यावर आमचे घर चालते. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सहा झाडे आहेत. सासऱ्यांनी ती बियांपासून लावली होती आणि त्यांतील दोन नर निघाली, त्यामुळे फळ चारच झाडांना येते. शेजारच्या काकींच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून तीन जुनी, मोठी झाडे आहेत. काकींच्या घरी फळे काढायला आणि फोडायला माणूस उरले नाही, म्हणून गेली बारा-तेरा वर्षे त्यांचे रातांबे आमच्याकडे येतात आणि पावसाळ्याआधी त्यांच्याकडे वर्षभराचे आमसूल, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) एक बाटली आणि सरबताची एक बाटली जाते. याचा हिशेब कधी कोणी मांडला नाही.

गेल्या मे महिन्यात मी आणि जाऊबाईंनी प्रथमच अमृत कोकम, म्हणजे साखरेतले कोकम सरबत, विक्रीसाठी केले. ४० किलो रातांब्यांपासून २० किलो साली निघाल्या. त्यांतील निम्मे रातांबे काकींचे होते. सालींना ४० किलो साखर घालून पाऊण लिटरच्या ५० बाटल्या भरल्या. तीन बाटल्या आठवड्याभरात फुगून फुटल्या, पाच घरात व नातेवाइकांत गेल्या आणि ४२ बाटल्या १८० रुपयांप्रमाणे मुंबईच्या ओळखीच्या माणसांना विकल्या. ७,५६० रुपये आले. साखरेचे १,७६० आणि बाटल्या, बुचे व लेबलांचे १,००० वजा जाता ४,८०० रुपये नफा झाला. हे कळल्यावर काकींच्या सूनबाई विहिरीवर चार बायकांसमोर म्हणाल्या, “आमच्या रातांब्यांवर यांचा धंदा चाललाय.” ते मनाला फार लागले. सासूबाई म्हणतात की पैसे देऊ केले तर काकी दुखावतील. यजमान म्हणतात की पैसे दिलेच पाहिजेत. यंदा आम्हाला २०० बाटल्या करायच्या आहेत. काकींशी कसे बोलावे, परवाना लागतो का आणि कर्ज घ्यावे का, याविषयी मार्गदर्शन करावे. (एक वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : सूनबाईंनी जागा चुकीची निवडली, पण त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, हे प्रथम स्वीकारावे. काकींचे रातांबे बारा वर्षे तुमच्या घरी येत होते ते दोन्ही घरांच्या स्वयंपाकासाठी. त्या फळांचे आमसूल होऊन परत जात होते आणि तेवढ्यावर ती देवाणघेवाण पूर्ण होत होती. गेल्या वर्षी त्याच फळांचा रस बाटलीत भरून मुंबईला गेला, त्याचे पैसे आले आणि काकींच्या घरी मात्र नेहमीच्याच दोन बाटल्या पोहोचल्या. तुमच्या मनात कोणताही लबाडीचा विचार नव्हता, हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते, परंतु ज्या दिवशी पहिली बाटली विकली गेली त्या दिवशी व्यवहाराचे स्वरूप बदलले आणि ते बदलल्याचे शेजारच्या घराला कोणी सांगितले नाही.

देशावर शेतातला पहिला भाजीपाला, हुरडा किंवा शेंगा शेजाऱ्यांकडे पाठवतात, त्याला वानवळा म्हणतात. तुमच्याकडे शब्द वेगळा असेल, रीत तीच आहे. वानवळा मोजून देत नाहीत आणि त्याची परतफेडही मोजून होत नाही. विक्रीच्या मालाला मात्र वजनकाटा लागतो. माझे ठाम मत असे आहे की या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात; त्या एकमेकींत मिसळल्या तरच कलह होतो. काकींच्या झाडांची जी फळे दोन्ही घरांच्या आमसुलासाठी फोडली जातील, ती पूर्वीप्रमाणेच यावीत आणि त्यांचे आमसूल व आगळ पूर्वीप्रमाणेच परत जावे. जी फळे बाटल्यांसाठी घ्याल, ती मात्र काकींच्या अंगणात, काकींसमोर किंवा सूनबाईंसमोर तोलून घ्यावीत, वजन वहीत लिहून त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी आणि वाडीत व्यापारी जो भाव देतो तोच भाव त्याच आठवड्यात द्यावा. शेजारधर्म म्हणून भाव कमी लावू नये आणि आमसूल दिले म्हणून त्यातून रक्कम कापूनही घेऊ नये. वानवळ्याची किंमत एकदा हिशेबात धरली की तो वानवळा राहत नाही.

बोलणे फळाचा हंगाम सुरू होण्याआधी, शिमगा झाल्यावर लगेच करावे. सासूबाईंनी स्वतः जावे, कारण काकींशी त्यांचे नाते तुमच्यापेक्षा जुने आहे, आणि गेल्या वर्षीचा विषय त्यांनीच काढावा. “गेल्या साली तुमचे २० किलो रातांबे विक्रीच्या सरबतात गेले, वाडीत भाव २५ रुपये होता, त्याचे ५०० रुपये आमच्याकडे राहिले आहेत,” एवढे सरळ वाक्य पुरे आहे. ज्या बोलण्याने तुमची झोप उडाली, त्यामागची रक्कम एवढीच आहे. ती मुलांच्या हाती पाठवू नये आणि विहिरीवरच्या प्रसंगाचा उल्लेखही करू नये.

काकी पैसे घेणार नाहीत, ही सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. दापोली तालुक्यातील आमच्या घरी फणसपोळी विकायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या वहिनींच्या फणसांचे पैसे मी त्यांना द्यायला गेले. त्यांनी ते घेतले नाहीत. मी ओटीवर ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी ते आमच्या देव्हाऱ्यात ठेवलेले सापडले. तेव्हा माझ्या सासूबाईंनी मार्ग काढला. वहिनींचे भात गिरणीवर जाई तेव्हा भरडाईचे पैसे आमच्या घरातून भरायचे आणि वहीत फणसांच्या खात्यावर लिहायचे. तीन वर्षे तसे चालले. चौथ्या वर्षी वहिनींच्या मुलाने स्वतःच सांगितले की आता रोख द्या, आम्हालाही बरे पडेल. काकींच्या बाबतीतही भरडाई, शेणखत किंवा गडग्याच्या डागडुजीची मजुरी अशा रूपाने रक्कम पोहोचवता येईल, मात्र ती वहीत लिहिलेली असावी, म्हणजे पुढच्या पिढीला कोणी कोणाचे खाल्ले हा प्रश्न पडणार नाही.

आता नफ्याविषयी. तुमच्या ४,८०० रुपयांत रातांबे फुकट धरले आहेत. दोन्ही घरचे मिळून ४० किलोंचे २५ रुपयांप्रमाणे १,००० रुपये होतात. फळे काढणे, धुणे, पुसणे, फोडणे, रोज ढवळणे, गाळणे आणि बाटल्या भरणे यांत तुम्हा दोघींचे मिळून आठ दिवस तरी गेले असतील. मजुरी ३५० रुपये धरली तर २,८०० रुपये होतात. मुंबईच्या बसने पाठवलेल्या पार्सलांचा उल्लेख पत्रात नाही, तो खर्च ५०० रुपये धरू. हे ४,३०० रुपये वजा केल्यावर ५०० रुपये उरतात. विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे खर्च १६८ रुपये पडला आणि ती तुम्ही १८० रुपयांना दिली.

यात खचून जाण्यासारखे काही नाही. मजुरीचे २,८०० रुपये तुम्हा दोघींनीच कमावले आहेत आणि ते तुमच्या हातात आले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ते मजुरीचे आहेत, नफ्याचे नाहीत, हे ध्यानात ठेवले नाही तर पुढच्या वर्षी बाहेरची माणसे लावून २०० बाटल्या कराल तेव्हा ते पैसे त्यांच्या हाती जातील आणि तुमच्याकडे केवळ दगदग राहील. घरातल्या बाईच्या कष्टांना हिशेबात शून्य धरण्याची आपली सवय फार जुनी आहे आणि घरगुती उद्योग बुडण्याचे ते मोठे कारण आहे, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. पार्सलचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यावा आणि घरी ठेवलेल्या व भेट दिलेल्या बाटल्याही वहीत लिहाव्यात.

तीन बाटल्या फुटल्या त्या आंबण्यामुळे. साखर पुरेशी असूनही सरबत आंबते, कारण सालींबरोबर पाणी गेलेले असते, बियांभोवतीचा गर राहिलेला असतो किंवा तळाशी साखर न विरघळता वरचा रस पातळ राहतो आणि तोच आधी भरला जातो. फळे फोडण्यापूर्वी धुऊन पूर्ण कोरडी करावीत. फोडल्यानंतर साली धुऊ नयेत. साल आणि साखर यांचे थर द्यावेत, सर्वांत वर साखरेचा थर असावा आणि कोरड्या लाकडी डावाने रोज ढवळावे. साखरेचा कणही तळाशी राहिला नाही, याची खात्री झाल्यावर गाळावे. कोकम अतिशय आंबट असल्याने ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेचे भांडे कोणत्याही टप्प्यावर वापरू नये. चिनी मातीची बरणी, काच किंवा चांगले स्टेनलेस स्टील वापरावे. रिफ्रॅक्टोमीटर नावाचे हातात मावणारे उपकरण मिळते. त्यावर एक थेंब टाकला की विरघळलेल्या साखरेचे प्रमाण कळते. प्रत्येक बरणीचा आकडा वहीत लिहिलात, तर कोणती बरणी का बिघडली याचा शोध लागतो. टिकवण्यासाठी परिरक्षक घालायचे ठरवले तर कोकमासारख्या रंगीत रसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नये, त्याने रंग उडतो. सोडियम बेन्झोएट वापरतात. त्याचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून ते लिहून घ्यावे आणि लेबलावर त्याचा उल्लेख करावा.

सरबताकडे सगळे लक्ष असले तरी बियांकडे दुर्लक्ष करू नये. त्या राखेत घोळून वाळवतात, कुटून पाण्यात उकळतात आणि वर येणारी चरबी गाळून थंड करतात. तिचा घट्ट गोळा होतो, तेच मुठेल. टाचांच्या भेगांसाठी ते आजही लोक आवर्जून मागतात. तुमच्या काकींच्या वयाच्या बायकांना ते करता येते आणि सुनांना बहुतेक येत नाही. काकींना फळ फोडणे जमत नसेल, पण मुठेल करण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली व्हावे आणि त्याच्या विक्रीत त्यांचा वाटा ठरावा, असे मला मनापासून वाटते. सरबतातून निघालेल्या गोड सालीही वाळवून विकता येतात.

खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ प्रमाणे नोंद हवी. तुमच्याएवढ्या लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि तिचा १४ अंकी क्रमांक लेबलावर छापावा लागतो. लेबलावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ परिमाण, तयार केल्याची तारीख, टिकण्याची मुदत, बॅच क्रमांक, करांसह किंमत, तुमचे नाव-पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह असावे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्याचे बोधचिन्ह केवळ अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच वापरता येते. शेजारच्या गावातील कोणी वापरते म्हणून आपण छापू नये.

कर्ज यंदा घेऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बँक कर्जाशी निगडित ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. ती योजना सध्या अर्ज घेत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे. तथापि, अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे आणि कामाला लागते म्हणून यंत्र घेणे यांत फरक आहे. तुम्हाला सध्या लागतात त्या वस्तू म्हणजे चांगला वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर, दोन मोठ्या बरण्या आणि जूनच्या आधीच येणाऱ्या पावसात साली वाळवण्यासाठी प्लास्टिकच्या आच्छादनाचा लहानसा सौर वाळवणमंच. २०० ऐवजी १०० बाटल्या कराव्यात. वाडीतल्या बायकांचा उमेद या सरकारी अभियानातला बचत गट असेल, तर त्यातून मिळणारे छोटे कर्ज साखरेसाठी पुरते. सूनबाईंना फळे फोडण्याच्या दिवसांत रोजंदारीने बोलवावे. त्या येतील की नाही हे सांगता येत नाही, पण बोलावणे गेले पाहिजे.

शेवटी झाडांविषयी एक सूचना. दोन नर झाडे निरुपयोगी समजून तोडू नका, तुमच्या आणि काकींच्या झाडांना परागकण तेथूनच मिळतात. नवी लागवड करताना बी लावू नये, कारण बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. विद्यापीठाच्या कोकण अमृता (१९९७) किंवा कोकण हातीस (२००६) या जातींची मादी झाडापासून केलेली कलमे घ्यावीत. दोन कलमे काकींच्या गडग्यापलीकडेही लावून द्या.

प्रश्न : आमची तीन एकर जिरायत जमीन आहे. वडिलांच्या काळापासून आमचा एक बैल आणि शेजारच्या दादांचा एक बैल अशी सावड होती. पेरणी दोन्ही घरांची मिळून व्हायची आणि ज्वारीच्या काढणीला दोन्ही घरची माणसे पैऱ्याने एकमेकांकडे जायची. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने कर्ज काढून छोटा ट्रॅक्टर घेतला. आम्ही बैल विकला, त्यामुळे दादांनाही त्यांचा बैल विकावा लागला. भाऊ आता गावात भाड्याने नांगरटीची कामे करतो. दादांना वाटते की सावड होती, म्हणून त्यांची नांगरट फुकट व्हावी आणि त्यांनी काढणीला माणसे द्यावीत. भाऊ म्हणतो की हप्ता भरायचा आहे, सर्वांना जो दर तोच त्यांना. मधल्या मध्ये मी अडकलो आहे. (एक वाचक, कडेगाव तालुका)

उत्तर : दादांचा बैल तुमच्या निर्णयामुळे गेला, ही गोष्ट तुमच्या भावाने विसरू नये. एका बैलाला सावडीशिवाय किंमत नसते. तुम्ही जोडी मोडलीत तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग राहिला नाही, म्हणून त्यांना परक्या गिऱ्हाइकाच्या रांगेत उभे करणे योग्य नाही. दुसरीकडे, बैल वैरणीवर चालत होता आणि वैरण दोघांच्याही रानात होत होती. ट्रॅक्टर डिझेलवर आणि हप्त्यावर चालतो, आणि हे दोन्ही रोख पैशांतच द्यावे लागते. जुनी सावड जशीच्या तशी चालू ठेवणे भावाला खरोखर शक्य नाही, हे दादांना कोणीतरी शांतपणे बसून आकड्यांत दाखवले पाहिजे, आणि ते काम तुमचे आहे.

सावडीतही मोजमाप होतेच. बैलजोडीचा एक दिवस म्हणजे माणसाचे किती दिवस, हे गावोगावी ठरलेले असे आणि दिवसाला दिवस असा पैरा फेडला जाई. तेच मोजमाप नव्याने ठरवावे. समजा, तुमच्या गावात नांगरटीचा दर तासाला ९०० रुपये आहे आणि त्यात ३५० रुपयांचे डिझेल जाते. डिझेल दादांनी रोख द्यावे किंवा स्वतः आणून टाकीत ओतावे. उरलेले ५५० रुपये पैऱ्यात फेडावेत. काढणीची मजुरी ३०० रुपये असेल, तर एका तासामागे जवळजवळ दोन माणसांचा एक दिवस होतो. भावाला काढणीला मजूर लावावेच लागतात, त्यामुळे त्याचे नुकसान होत नाही, आणि हप्त्यासाठी लागणारी रोकड तो बाहेरच्या कामांतून मिळवू शकतो. तास आणि दिवस दोन्ही घरांतील एकेका वहीत लिहावेत आणि ज्वारीची मळणी झाल्यावर जुळवून पाहावेत.

दरापेक्षाही मोठा प्रश्न पाळीचा आहे, आणि त्याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला, म्हणजे रान कामाजोगे ओलसर झाले, की सगळ्या शिवाराला एकाच दोन दिवसांत ट्रॅक्टर हवा असतो. त्या दिवशी भाऊ जास्त दर देणाऱ्याकडे गेला आणि दादांच्या रानातली ओल उडून गेली, तर कितीही कमी दर लावलात तरी त्यांचे पीक गेलेले असेल. म्हणून वाफशावर पहिले तुमचे रान आणि लगेच दादांचे, त्यानंतर बाहेरची कामे, असा शब्द भावाने दादांना द्यावा. बैलांच्या सावडीत दादांना नेमके हेच मिळत होते, आणि मला वाटते की ते गमावल्याचे दुःख त्यांना फुकट नांगरटीपेक्षा अधिक आहे. एखाद्या घरी मृत्यू किंवा मोठे आजारपण आले आणि गावाने इर्जिक केली, म्हणजे सगळ्यांनी मिळून त्या घराचे शेतकाम करून दिले, तर त्या दिवशी ट्रॅक्टर कोणताही हिशेब न ठेवता न्यावा. इर्जिकीला जेवण असते, परतफेड नसते.

एक व्यवहाराची गोष्ट भावाला सांगावी. ट्रॅक्टरचा विमा स्वतःच्या शेतीपुरता काढलेला असेल आणि तो भाड्याने कामे करत असेल, तर अपघातानंतर भरपाईत अडचण येऊ शकते. भाड्याच्या कामांविषयी विमा कंपनीला आधीच लेखी कळवून पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे ३० गावठी कोंबड्या आहेत. आजवर अंडी शेजारी वाटत होते, आता १०० कोंबड्या करून अंडी विकायचा विचार आहे. शेजारच्या काकूंची तक्रार आहे की माझ्या कोंबड्या त्यांचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे उकरतात. शिवाय गेल्या वर्षी मानमोडी आली तेव्हा दोन्ही घरच्या कोंबड्या मेल्या आणि रोग कोणाकडून आला यावरून बोलाचाली झाली. (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : वाफ्यांची तक्रार रास्त आहे आणि तिचा खर्च तुम्हीच करावा. १०० कोंबड्या मोकळ्या सोडता येणार नाहीत. परसाच्या एका भागाला सहा फूट उंचीची जाळी लावून त्यातच त्यांना फिरवावे आणि तेथील खत काकूंच्या वाफ्यांसाठी द्यावे, मात्र ते चांगले कुजवूनच, कारण ताजी विष्ठा कोवळ्या भाजीला जाळते. काकूंना अंडी पूर्वीसारखी जावीत. विक्री सुरू झाली म्हणून ती बंद केलीत, तर जाळीचा खर्च करूनही काही उपयोग होणार नाही.

रोग कोणाकडून आला हे शोधण्यात अर्थ नाही, कारण मानमोडीचा विषाणू पक्ष्यांबरोबर, चपलांबरोबर आणि बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबरही येतो. लस हाच उपाय आहे आणि ती एकट्या घराने करण्याची गोष्ट नाही. लासोटा लसीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. उरलेली टाकूनच द्यावी लागते. तुमची ३० पिल्ले असोत वा काकूंची १५, कुपी तीच फुटते. म्हणून आळीतल्या सर्व घरांनी एकच दिवस ठरवावा, खर्च पक्ष्यांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणावी. पहिली मात्रा पिल्लू आठवड्याचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब अशी देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा द्यावी लागते आणि पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन असते. आजारी पक्ष्याला लस देऊन गुण येत नाही. मेलेले पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावेत.

शंभर कोंबड्यांसाठी पिल्ले विकत आणण्याची घाई करू नका. काकूंची कोंबडी खुडूक बसली तर तुमची अंडी तिच्याखाली ठेवावीत आणि २१ दिवसांनी निघालेली पिल्ले अर्धी-अर्धी वाटून घ्यावीत. ही जुनी रीत आहे आणि त्यात दोघींनाही पैसे घालावे लागत नाहीत. लसीकरणाच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तयारी ठेवून सुरुवात काकूंच्या खुराड्यापासून करावी, कारण त्यांच्या कोंबड्या मोकळ्या असतात आणि एकदा बाहेर पडल्या की दोन तासांत हाती लागत नाहीत.